वाचा हरपलेला तालीममास्तर : जोसेफ चायकिन ह्यांचें चरित्र

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोण धर्मगुरु येथें राहून गेले, हा इतिहास येतो आणि तो यावयासच हवा. आम्हीं मात्र आमच्या वांट्याच्या पानांसाठीं दूरचा विषय निवडला आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं होऊन गेलेल्या एका नाट्यदिग्दर्शकाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. नाताळांत गोठ्याचा देखावा आणि उपवासकाळांत प्रभूच्या दुःखसहनाचा प्रवेश बसविणाऱ्या आमच्या तरुणांस रंगभूमि परकी नाहीं. आणि ज्या घरीं पक्षाघाताचा रोगी खाटेवर पडून आहे, त्या घरास तर हें चरित्र मुळींच परकें वाटणार नाहीं.

नाट्यदिग्दर्शकास आमचे जुने नाटकवाले तालीममास्तर म्हणत. प्रयोगाच्या रात्रीं तो प्रेक्षकांस दिसत नाहीं. त्याचें सारें काम तालमींत, आणि तें बहुतांशीं बोलून व्हावयाचें. कोणीं कोठें उभें राहावें, कोणता शब्द सावकाश म्हणावा, कोठें थांबावें, रागाचा आव कोठें खोटा वाटतो, हें तो सांगतो, समजावितो, प्रसंगीं रागेंही भरतो. सुतारास जसा हात, तशी तालीममास्तरास जीभ. जोसेफ चायकिन ह्यांची जीभ वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं रोगानें बांधली गेली. तथापि त्यानंतर एकोणीस वर्षांनीं मरण येईपर्यंत त्यांनीं रंगभूमि सोडली नाहीं. तें कसें साधलें हें समजण्यासाठीं त्यांच्या बाळपणापासूनच आरंभ केला पाहिजे.

चायकिन ह्यांचा जन्म १६ सप्टेंबर १९३५ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका गरीब यहुदी कुटुंबांत झाला. सहाव्या वर्षीं त्यांस संधिवाताचा ज्वर झाला. हें दुखणें आमच्या देशांतही अनोळखी नाहीं. आधीं घसा दुखतो, कांहीं दिवसांनीं ताप येतो, सांधे सुजतात. सांधे पुढें बरे होतात. पण हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडूं शकतात. चायकिन ह्यांच्या बाबतींत तेंच झालें, आणि ह्या विकारानें त्यांची पाठ जन्मभर सोडली नाहीं. दहाव्या वर्षीं त्यांस फ्लॉरिडा प्रांतांतील हृदयरोगी मुलांच्या रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. तेथें दोन वर्षें काढावीं लागलीं. आईबाप दूर, सोबतीला सारीं आजारी मुलें. अशा स्थितींत त्या मुलानें काय केलें? भोंवतालच्या सोबत्यांस जमवून त्यानें नाटकाचे खेळ मांडले. नाटकाच्या वेडाची सुरवात अशी रुग्णालयाच्या भिंतींच्या आंत झाली.

प्रकृति सुधारल्यावर ते घरीं आले, तेव्हां कुटुंब आयोवा प्रांतांतील डे मॉइन गांवीं राहावयास गेलें होतें. तेथील ड्रेक विद्यापीठांत त्यांनीं थोडा काळ शिक्षण घेतलें; परंतु तें अर्धवट सोडून ते न्यूयॉर्कला परतले आणि मिळेल तें काम करून पोट भरीत अभिनय शिकूं लागले. लवकरच 'लिव्हिंग थिएटर' नांवाच्या एका बंडखोर नाटक मंडळींत त्यांचा शिरकाव झाला. १९६२ सालीं ह्या मंडळीनें जर्मन नाटककार ब्रेख्ट ह्यांचें 'माणूस म्हणजे माणूस' ह्या अर्थाचें नांव असलेलें नाटक केलें. त्यांत गॅली गे हा साधा हमाल मासळी आणावयास घराबाहेर पडतो, आणि इंग्रजांच्या हिंदुस्थानांतील फौजेचे शिपाई त्याला फुसलावून त्याचा शिपाईगडी बनवितात. ही भूमिका चायकिन ह्यांनीं केली व तिच्याबद्दल त्यांस 'ओबी' हें पारितोषिक मिळालें. आतांपर्यंत नांवलौकिकाच्या वाटेनें जाणारा हा नट त्या भूमिकेनें विचारांत पडला. रोज रात्रीं दुसऱ्या कोणाचें रूप घेणाऱ्या माणसाचें स्वतःचें काय होतें? त्याच्यासमोर बसलेल्या माणसांशीं त्याचें नातें कोणतें? ह्या प्रश्नांनीं त्यांस पुढें कधींच स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

१९६३ सालीं कांहीं नट व लेखक ह्यांच्यासमवेत त्यांनीं 'ओपन थिएटर' ही मंडळी स्थापिली. तिची रीत ऐकण्यासारखी आहे. आमच्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांत नाटककाराचें लिखाण प्रथम तयार होई, मग नट आपापली नक्कल पाठ करीत आणि शेवटीं तालमी होत. येथें उलट क्रम होता. आधीं तालीम, मग शब्द. एक नट पुढें येई, कांहीं हालचाल करी व तिच्याबरोबर एखादा आवाज काढी. तशीच हालचाल करीत तो दुसऱ्यासमोर जाऊन उभा राही. दुसऱ्यानें ती हालचाल व तो आवाज जसाच्या तसा घ्यावयाचा, आपल्या अंगांत मुरवावयाचा, मग त्याचें आपलें असें कांहीं करून तिसऱ्यास द्यावयाचें. शब्द एकही नाहीं. समोरच्याकडे पुरतें लक्ष दिल्यावांचून हा खेळ होत नाहीं. महिनोन्महिने असे प्रयोग चालत, आणि त्यांतून जें निघे त्यास मंडळींतील लेखक शब्दांचें रूप देत. मेगन टेरी ह्यांचें व्हिएतनामच्या युद्धावरील 'व्हिएत रॉक' हें १९६६ चें नाटक असेंच घडलें. त्याच वर्षीं जाँ-क्लोद व्हान इताली ह्यांच्या 'अमेरिका हुर्रा' ह्या नाटकानें मंडळीचा बोलबाला झाला.

ह्या मंडळीच्या साऱ्याच मतांशीं आमचें जुळेल असें नाहीं. परंतु तिची जी कृति सर्वांत गाजली, तिचा विषय आमच्या घरचा आहे. 'सर्प' ह्या नांवाचें हें नाटक १९६८ सालीं प्रथम रोम शहरांत झालें. शब्द व्हान इताली ह्यांचे, दिग्दर्शन चायकिन ह्यांचें, आणि कथा पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पुस्तकाची. पांच नट एकमेकांत गुंतून एक सर्प होत. एवानें फळ खाल्ल्यावर नट सफरचंदें घेऊन प्रेक्षकांत जात व तीं त्यांस वांटीत. त्या पापांत आपला वांटा नाहीं असें कोणास म्हणतां येऊं नये! पुढें काइन हाबेलास मारतो, तो प्रसंग येई. जगांत तोंपर्यंत कोणीं मरण पाहिलेलेंच नव्हतें, म्हणून कसें मारावें हेंही काइनास ठाऊक नाहीं, आणि मारल्यावर भाऊ पुन्हां उठत कां नाहीं हेंही त्याला उमगत नाहीं. ह्याच नाटकांत १९६३ सालीं झालेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्या हत्येचे क्षण नट पुनःपुन्हां करून दाखवीत. पहिल्या भावाच्या रक्ताचा डाग ताज्या रक्तापर्यंत आणून भिडविलेला असे. आदाम आणि एवा ह्यांच्या पतनाची कथा फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं गोव्यांत आमच्या मराठींत ओवीबद्ध केली व त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. तीच कथा साडेतीन शतकांनंतर एका यहुदी दिग्दर्शकानें नटांच्या अंगविक्षेपांतून सांगितली. देववाणीस कोणतेंही साधन परकें नसतें, हें आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस नव्यानें सांगावयास नको.

त्यानंतर मरणाच्या विषयावरील 'टर्मिनल', मग १९७१ चें 'म्यूटेशन शो', मग १९७३ चें 'नाइटवॉक' अशीं नाटकें झालीं. कीर्ति वाढत होती. आणि नेमक्या त्याच वेळीं, १९७३ सालीं, मंडळी मोडण्यांत आली. नवें शोधण्यासाठीं जमलेली माणसें नांवाच्या जोरावर जुनेंच करूं लागतील, ही धास्ती चायकिन ह्यांस होती. आदल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या 'नटाची उपस्थिति' ह्या अर्थाच्या नांवाच्या त्यांच्या पुस्तकांत त्यांचे विचार ग्रथित झाले आहेत. रंगमंचावर जिवंत माणूस जिवंत माणसांसमोर उभा असतो, आणि समोर बसलेल्यांस हें त्याचें असणें जाणवावें, ह्यावर त्यांचा सारा भर. १९७७ सालीं जन्मभराच्या कामगिरीसाठीं 'ओबी' पारितोषिक देण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हां पहिला मान त्यांसच मिळाला. १९७८ सालीं नाटककार सॅम शेपर्ड ह्यांच्यासमवेत त्यांनीं 'टंग्ज', म्हणजे 'जिव्हा', हें नाटक लिहिलें. त्यांत चायकिन प्रेक्षकांकडे तोंड करून खुर्चीवर बसत आणि एकामागून एक अनेक माणसांच्या वाणीनें बोलत. शेपर्ड पाठीमागें बसून तालवाद्यें वाजवीत. सहाच वर्षांनीं त्यांच्या जिव्हेवर काय प्रसंग येणार होता, ह्याची त्या वेळीं कोणास कल्पना असणार!

लहानपणींचा रोग बळावत चालला होता. १९८४ सालीं हृदयावर शस्त्रक्रिया चालूं असतां त्यांच्या मेंदूस झटका बसला. प्राण वांचला, पण शुद्धीवर आले तेव्हां भाषा गेली होती.

ह्या व्याधीस वाचाघात म्हणतात. तिच्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण तिच्याबद्दल आमच्या लोकांत फार गैरसमज आहेत. १८६१ सालीं पॅरिस येथील डॉक्टर पॉल ब्रोका ह्यांनीं एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या रोग्यास दुसऱ्यांचें बोलणें समजे, परंतु स्वतःच्या तोंडून 'तां' ह्या एका अक्षरापलीकडे बहुधा कांहीं निघत नसे. तो वारल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस पुढील भागीं बिघाड आढळला, आणि वाणीचें स्थान मेंदूंत कोठें असतें ह्या शोधास तेथून जोर आला. वाचाघातांत जीभ लुळी पडलेलीच असते असें नाहीं, आणि बुद्धीही नष्ट झालेली नसते. शब्द आंत कोठेंतरी असतो, पण हांक मारली असतां येत नाहीं; किंवा 'होय' म्हणावयाचें असतां तोंडून 'नाहीं' निघून जातें. माणूस तोच असतो. त्याच्या घराचें दार तेवढें आंतून अडकलेलें असतें.

ह्या अडकलेल्या दारापाशीं चायकिन ह्यांचे मित्र येऊन बसले. शेपर्ड आणि ते झटका येण्यापूर्वींच एका देवदूताविषयीं नाटक लिहीत होते. तें अर्धें राहिलेलें काम शेपर्ड ह्यांनीं पुन्हां हातीं घेतलें. मित्राच्या तोंडून आतां जशीं तुटकीं, छोटीं वाक्यें येत, तशींच त्यांनीं त्या देवदूताच्या तोंडीं घातलीं. स्वर्गांतून खालीं कोसळलेला, आपणांस कोणत्या कामीं धाडलें होतें हेंच विसरलेला, परत जाण्याची वाट हरवलेला तो देवदूत! 'स्वर्गांतील युद्ध' ह्या अर्थाचें नांव असलेली ही कृति जानेवारी १९८५ मध्यें न्यूयॉर्कच्या एका आकाशवाणी केंद्रावरून ऐकविण्यांत आली, आणि देवदूताचे शब्द चायकिन ह्यांनीं स्वतः उच्चारले. झटक्यास तेव्हां एक वर्षही झालें नव्हतें. येथें शेपर्ड ह्यांचा एक विवेक ध्यानांत घेण्याजोगा आहे. मित्र पूर्वींसारखा बोलूं लागेल तेव्हां नाटक पुरें करूं, असें त्यांनीं म्हटलें नाहीं.

व्हान इताली ह्यांनींही हाच मार्ग धरला. चायकिन ह्यांच्यासमवेत त्यांनीं 'स्ट्रक डम्ब', म्हणजे 'मूक झालेला', ही कृति रचिली. तिचा नायक वाचाघात झालेला एक अरब गायक आहे. तो आपला एक दिवस कसा जातो, बाजारांत काय होतें, कोणता शब्द दगा देतो, तें प्रेक्षकांस सांगतो. ही भूमिका चायकिन ह्यांनीं स्वतः केली. मग त्यांनीं लेखिका सुझन यांकोविट्झ ह्यांस सुचविलें कीं, ह्या व्याधीवर नाटक लिहावें. त्यांनीं 'नाइट स्काय', म्हणजे 'रात्रीचें आकाश', हें नाटक लिहिलें व १९९१ सालीं तें न्यूयॉर्क येथें झालें. त्यांत एका खगोलशास्त्रज्ञ बाईस मोटारीचा धक्का लागून वाचाघात होतो. आकाशांतील दूरदूरचे तारे जिला ओळखतां येतात, तिला घरांतल्या साध्या वस्तूचें नांव आठवत नाहीं. तिच्या घरचीं माणसें कशीं गोंधळतात, चिडतात, शिकतात, हेंही त्यांत आहे. ह्या नाटकाचे दिग्दर्शक चायकिन. वाचाघात म्हणजे काय हें ठाऊक असलेला असा तालीममास्तर दुसरा कोण मिळाला असता?

आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. जन्मानें आयरिश असलेले, पॅरिस येथें राहणारे जगद्विख्यात नाटककार सॅम्युएल बेकेट ह्यांच्या लिखाणावर चायकिन ह्यांचें फार प्रेम. बेकेट ह्यांचें 'नथिंग'साठींचें गद्य त्यांनीं १९८१ सालीं रंगमंचावर स्वतः सादर केलें होतें. बेकेट ह्यांचीं नाटकेंही त्यांनीं बसविलीं होतीं. १९८८ सालीं वृद्ध बेकेट घरांत पडले, आणि कांहीं काळ त्यांचीही वाणी अडखळूं लागली. त्यानंतर त्यांनीं फ्रेंच भाषेंत एक लहानसें काव्य लिहिलें. योग्य शब्द सांपडत नाहीं, एवढाच त्याचा विषय. पुढें त्याचें इंग्रजी रूपांतर त्यांनींच केलें आणि तें चायकिन ह्यांस अर्पण केलें. डिसेंबर १९८९ मध्यें बेकेट वारले. त्यांच्या लेखणीची ही अखेरची कृति मानली जाते. शब्दांवर ज्यानें उभा जन्म घालविला अशा लेखकानें आपलें शेवटचें लिखाण शब्द गमावलेल्या मित्राच्या ओंजळींत घातलें.

चायकिन ह्यांची वाणी उपचारांनीं व प्रयत्नांनीं हळूहळू कांहीं अंशीं परतली, पण पूर्वींसारखी कधींच झाली नाहीं. तरी १९९६ सालीं, ऑलिंपिक क्रीडामहोत्सवाच्या निमित्तानें अटलांटा शहरीं झालेल्या कलामहोत्सवासाठीं शेपर्ड व त्यांनीं मिळून नवें नाटक लिहिलें आणि चायकिन ह्यांनीं तें बसविलें. २२ जून २००३ रोजीं न्यूयॉर्क येथें हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. वय सदुसष्ट होतें. सहाव्या वर्षीं जायबंदी झालेलें हृदय एकसष्ट वर्षें चाललें.

वाचक विचारील, अशा माणसानें नट शिकविले तरी कसे? आमच्या मतें त्याचें उत्तर १९६३ सालच्या त्या तालमींत आहे. समोरच्याची हालचाल व आवाज पुरत्या लक्षानें घ्यावयाचा आणि त्यांत आपली भर घालून परत द्यावयाचा, ही रीत त्यांनीं वीस वर्षें इतरांस शिकविली होती. त्या रीतींत वाढलेलीं माणसें त्यांच्याभोंवतीं होतीं. जेव्हां गुरूपाशीं थोडेच शब्द उरले, तेव्हां त्यांनीं ते थोडे शब्द घेतले, आपली भर घातली आणि परत दिले. गुरूची विद्या गुरूच्याच कामीं आली. पवित्र शास्त्रांत मोशे आपण जड जिभेचा आहों अशी तक्रार परमेश्वराजवळ करतो. परमेश्वर त्याची जीभ तत्क्षणीं मोकळी करीत नाहीं. आणि त्याच्याकडील कामही काढून घेत नाहीं. तो त्याच्या सोबतीला त्याचा भाऊ अहरोन देतो. चायकिन ह्यांस शेपर्ड, व्हान इताली व यांकोविट्झ हे असेच अहरोन मिळाले.

पवित्र साक्रामेंत घेऊन रोग्यांच्या घरीं जाण्याचे प्रसंग आम्हां धर्मगुरूंस वारंवार येतात. वाचा गेलेल्या रोग्याशीं घरचीं माणसें बहिऱ्याशीं बोलावें तशीं ओरडून बोलतात. किंवा तो तेथें नाहींच असें समजून त्याच्या डोक्यावरून आपसांत बोलतात. कित्येक ठिकाणीं जमिनीच्या वा लग्नाच्या गोष्टी त्याच्यादेखत ठरतात, आणि त्याचें मत कोणी विचारीत नाहीं. पण त्याच खोलींत रोझरी सुरू करावी, आणि ज्याला पोटच्या मुलाचें नांव घेतां येत नाहीं तो प्रभूची प्रार्थना सर्वांबरोबर म्हणूं लागतो, असें कितीदां तरी घडतें. पाठ झालेल्या प्रार्थना व गाणीं पुष्कळदां अशा झटक्यांतूनही वांचतात, असें वैद्यशास्त्रही सांगतें. तेवढ्यानें घरच्यांस रडें कोसळतें. आम्हांस मात्र वाटतें कीं, प्रार्थना संपल्यावर उठून जाऊं नये. तेथेंच थोडें बसावें. एका वेळीं एकच प्रश्न विचारावा, तो लहान असावा, उत्तरास वेळ द्यावा. तो जो शब्द शोधीत आहे तो घाईनें आपण पुरा करूं नये. बोट दाखवितो तिकडे पाहावें. आणि घरांतील एखादें काम, मग तें दिव्याची वात पुढें करण्याचें कां असेना, त्याच्याकडे राहूं द्यावें.

ह्या महोत्सवांत आमचे तरुण नाटक बसवितीलच. त्यांस आमची एक विनंति आहे. ज्यांनीं पूर्वीं ह्याच मांडवांत भूमिका केल्या आणि जे आज अंथरुणास खिळून आहेत, त्यांच्या अंगणांत एक तालीम करावी. म्हातारा कोठें मान हलवितो, कोठें कपाळास आंठी घालतो, इकडे लक्ष असूं द्यावें. त्या मानेच्या हालचालींत पुष्कळ शिकण्यासारखें असेल. इतकें सांगून आम्ही लेखणी खालीं ठेवितों.